पाच घरे आणि एक पलंग

जुलै २०२२ मधली पहाट होती. बाहेर पाऊस लागून राहिला होता. अण्णांच्या खोलीतून 'कट्' असा कोरडा आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी जड जमिनीवर टेकल्याचा. मी धावत गेले तेव्हा माझे ८२ वर्षांचे सासरे जमिनीवर बसलेले होते. पाठ पलंगाला टेकलेली, एक पाय दुमडलेला, आणि उजव्या हाताने शेजारच्या पुस्तकांच्या मांडणीची कड घट्ट धरलेली. ती मांडणीही पुढे कलली होती. पलंगाची उजवीकडची फळी उशाकडच्या फळीपासून सुटून तिरकी झाली होती.

"लागलं का अण्णा?" मी विचारले.

"नाही गं. उठून बसलो, तर खालीच आलो," ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "पलंगाला कशाला नावं ठेवायची? मीच सैल झालोय."

क्ष-किरण तपासणी झाली. सुदैवाने हाड मोडले नव्हते. कोपर सोलवटले होते, माकडहाडाला मुका मार होता. औषध दहा दिवसांत संपले, पण भीती संपली नाही. पुढचे तीन आठवडे अण्णा हाक मारल्याशिवाय पलंगावरून उतरले नाहीत. रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर त्यांनी पाणी पिणे कमी केले होते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. पडण्याने जे बिघडले नाही, ते पडण्याच्या धास्तीने बिघडू लागले होते.

ज्येष्ठांच्या पडण्याविषयी आपण पुष्कळ वाचतो. अपघाती दुखापतींमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये पडणे हे जगभरातले दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे आणि जिवावर बेतणाऱ्या पडण्यांत साठीपुढच्या माणसांची संख्या सर्वाधिक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे वाचून मी न्हाणीघरात दांडी बसवली होती, निसरडी पायपुसणी काढून टाकली होती, रात्री जळणारा लहान दिवाही आणला होता. मात्र ज्या पलंगावर अण्णा दिवसाचे बारा तास असत, त्या पलंगाचे सांधे मी कधी तपासले नव्हते. त्याची कहाणी मुळापासून सांगायला हवी, कारण तिच्यातली चूक माझी आहे.

मुलुंडमधली आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी मे २०१८ मध्ये रिकामी करावी लागली. 'तीन वर्षांत नवीन घर' असे ठरले होते. मध्ये टाळेबंदी आली, काम रखडले, आणि अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर आम्ही एका भाड्याच्या घरातून दुसऱ्या घरात जात राहिलो. नव्या घराची किल्ली हातात येईपर्यंत साडेपाच वर्षे गेली. तेवढ्या काळात चार भाड्याची घरे झाली, आणि पाचव्यांदा सामान हलले ते स्वतःच्या घराकडे.

जुने घर सोडताना अण्णांचा सागवानी पलंग आम्ही विकला. १९६५ साली, त्यांच्या लग्नात, कोकणातल्या सुताराने तो घडवला होता. चार कातीव खूर, त्यांना जोडणारे लांब-आखूड गाते आणि वर फळ्या. पहिल्या भाड्याच्या घराची लिफ्ट लहान होती, खोली त्याहून लहान होती, आणि सामान हलवणाऱ्याने त्या पलंगासाठी दोन माणसांची वेगळी मजुरी सांगितली. जुने फर्निचर घेणारा आला, भाव ठरला. अण्णा काही बोलले नाहीत. पलंग खाली नेताना त्यांनी एका खुरावरून हात फिरवला, एवढेच मला आठवते.

त्याऐवजी आम्ही घरी आणून जोडायचे फर्निचर घेतले. पलंग, कपाट, पुस्तकांची मांडणी आणि एक टेबल, हे सगळे चपट्या खोक्यांत आले. कंपनीच्या माणसाने दुपारभरात सारे उभे केले. दिसायला देखणे, पुसायला सोपे, किंमत सागवानाच्या पासंगालाही न लागणारी. 'घर बदलायचे झाले की सोडवायचे आणि नव्या घरात पुन्हा जोडायचे,' असे आम्ही एकमेकांना सांगितले. त्या वाक्यात 'पुन्हा' हा शब्द आम्ही फार सहज वापरला.

पहिल्या घरात तो पलंग दगडासारखा स्थिर होता. दुसऱ्या घरी, एप्रिल २०१९ मध्ये, जोडणीचे दोन स्क्रू कमी निघाले आणि सामान हलवणाऱ्या मुलाने त्यांच्या जागी हाताला लागले ते स्क्रू मारले. तिसऱ्या घरी उशाकडच्या फळीतला एक स्क्रू नुसताच फिरू लागला. माझ्या यजमानांनी भोकात आगकाडीचे तुकडे आणि फेविकॉल घालून तो बसवला. आम्हा दोघांना त्या युक्तीचे कौतुकच वाटले. चौथ्या घरी आम्ही जून २०२२ मध्ये, ऐन पावसात गेलो. टेम्पोवर ताडपत्री होती, तरी फळ्यांच्या खालच्या कडा भिजल्या आणि चार दिवसांत पावासारख्या फुगल्या. पलंग बसल्यावर किंचित कुरकुरे. आवाज येतो म्हणून मी भिंतीशी एक उशी खोचली. आणि मग ती जुलैची पहाट आली.

दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या सुतारकाकांना बोलावले. त्यांनी सुटलेली फळी उलटी केली, लोखंडी पट्टी निखळली होती तिथे बोट घातले आणि बोटाला लागलेला भुसा मला दाखवला.

"वहिनी, अस्सल लाकूड असतं तर त्यानं स्क्रू धरून ठेवला असता. हा दाबून बसवलेला भुसा आहे. एकदा सुटला की सुटला."

त्या दिवशी त्यांनी मला जे समजावले, ते मी नंतर वाचून पडताळून पाहिले. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या बारीक तुकड्यांना, आपल्याकडे काही ठिकाणी उसाच्या चिपाडालाही, गोंदासारखे रसायन लावून उष्णता आणि दाब यांखाली केलेली फळी. वरून लॅमिनेटचा गुळगुळीत थर असतो. लाकडात लांब तंतू असतात. स्क्रूचे आटे त्या तंतूंत रुततात, आणि स्क्रू काढून पुन्हा घातला तरी तंतू बरीच पकड देतात. पार्टिकल बोर्डात तसे सलग तंतू नसतात. स्क्रू पहिल्यांदा जातो तेव्हा आपल्यापुरते आटे तयार करतो. तो काढून पुन्हा घालताना त्या आट्यांचे कण झडतात आणि भोक थोडे मोठे होते. यांत्रिक स्क्रूड्रायव्हरने घाईने आवळले तर एकाच वेळी सारे आटे झिजून जातात. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते पार्टिकल बोर्डापेक्षा स्क्रू अधिक चांगला धरते.

फळ्यांच्या कोपऱ्यात जी गोल धातूची चकती असते आणि अर्ध्या वळणात घट्ट होते, तिला सुतार 'मिनिफिक्स' म्हणतात. तिची रचना सुटी करण्यासाठीच असते, पण तिला येऊन अडकणारा खिळा शेवटी भुशाच्या फळीतच रुतलेला असतो. पाणी ही दुसरी अडचण. लॅमिनेटवर पाणी सांडले तर पुसता येते, पण कडेच्या पट्टीखाली किंवा न झाकलेल्या भोकातून ओल शिरली की आतले कण फुगतात आणि वाळल्यावर मूळच्या आकारात परत येत नाहीत. फुगलेल्या जागी स्क्रूची पकड आणखी कमी होते.

मी सुतारकाकांना विचारले, "मग आमचा सागवानी पलंगही सुटाच होता ना? सासूबाई सांगायच्या, तो गिरगावच्या चाळीतून मुलुंडला सोडवूनच आणला होता."

"त्याला नट-बोल्ट होते ना? लाकडाच्या आरपार?" त्यांनी विचारले. होते. प्रत्येक खुराशी एकेक लांब लोखंडी बोल्ट आणि चौकोनी नट होता, आणि दिवाळीच्या साफसफाईत अण्णा ते पान्याने आवळत असत. "मग त्यात स्क्रूनं लाकडाला चावायचा प्रश्नच नाही. बोल्ट आरपार जातो, नट पलीकडून ओढून धरतो. शंभर वेळा सोडा आणि शंभर वेळा जोडा."

म्हणजे सुटे करता येणे हा दोष नव्हेच. याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईच्या इराणी हॉटेलांत अनेक पिढ्यांनी पाहिले आहे. त्या वाकवलेल्या लाकडाच्या, गोल बैठकीच्या काळसर खुर्च्या ज्या घराण्यातल्या, त्यांची मूळ खुर्ची मिखाएल थोनेट या कारागिराच्या कारखान्याने १८५९ साली बाजारात आणली. तिचे लाकडी भाग अवघे सहा. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या एका पेटीत मावत. दूरच्या बंदरांवर त्या पेटीतून जात आणि तिथे स्क्रू-नटांनी जोडल्या जात. खोक्यातून येणाऱ्या फर्निचरची ती पणजीच म्हणायची. बन-मस्का आणि चहा घेणाऱ्या गिऱ्हाइकांचे वजन तशा खुर्च्यांनी वर्षानुवर्षे पेलले, कारण त्यांचे लाकूड वाफेने वाकवलेले असले तरी अखंड होते आणि स्क्रू त्या अखंड लाकडातच रुतत होते.

तेव्हा टिकाऊपणाची कसोटी 'हे सुटे होते का' ही नसून 'सुटे केल्यावर जोडणी कशाला धरते' ही आहे, एवढे मला सुतारकाकांकडून कळले. दुसरी गोष्ट कळली ती अण्णांना व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून. पहिल्याच दिवशी तिने अण्णांचे गुडघे किंवा रक्तदाब पाहण्याआधी मला विचारले, "रात्री उठताना यांचा हात कशावर जातो?"

मला उत्तर देता आले नाही. मग दोन दिवस मी नुसती पाहत राहिले. अण्णा पलंगाच्या उजव्या कडेला सरकत, त्याच बाजूच्या फळीवर सारा भार टाकून बसते होत, उजव्या हाताने उशाकडचा कोपरा चाचपत आणि मग मांडणीची कड, टेबलाचा कोपरा, दाराची चौकट असे एकेक धरत न्हाणीघराकडे जात. वय झालेली पुष्कळ माणसे अशी फर्निचरच्या आधारानेच घरात वावरतात, असे तिने सांगितले. त्यांचा हात जिथे पडतो ती वस्तू त्यांच्यासाठी काठीच असते. फरक इतकाच, की काठी आपण पारखून घेतो. उशाकडचा कोपरा चाचपण्याची सवय तर त्या सागवानी खुराची होती. पलंग चार वर्षांपूर्वी गेला होता, हात अजून त्याला शोधत होता.

तेव्हापासून आमच्या घरातल्या फर्निचरचे मी दोन भाग केले आहेत. एक, वस्तूंचे ओझे पेलणारे. दुसरे, माणसाचे ओझे पेलणारे. कपडे, पुस्तके, औषधांचे डबे यांसाठी खोक्यातून आलेले कपाट पुरेसे आहे. ते कुरकुरले तर फार तर कप्पा वाकेल. पण ज्यावर माणूस बसतो, निजतो, ज्याला धरून उठतो, त्याच्या बाबतीत 'अजून चालतंय की' हे उत्तर चालत नाही. आणि हात टेकताच कलणारी मांडणी दिसायला वस्तूंची असली तरी खरे पाहता दुसऱ्या भागातली असते.

या विभागणीप्रमाणे आम्ही तो पलंग टाकून दिला. सुतारकाकांनी साध्या लाकडी चौकटीचा नवा पलंग केला. खाली सामान ठेवायची पेटी नाही, नक्षी नाही. आठ बोल्ट आरपार, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी रुंद वायसर. उंची ठरवण्यासाठी त्यांनी अण्णांना खुर्चीवर बसवून जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचे माप घेतले आणि गादी दबल्यावर तेवढीच उंची राहील असा हिशेब केला. पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले आणि गुडघे काटकोनात असले की उठताना मांड्यांवर ताण कमी येतो. उशाकडे उजव्या हाताला त्यांनी एक जाड, गोलसर खुंट उभा केला. तो मी सांगितला नव्हता. अण्णांनी त्यांना एकट्याला गाठून सांगितला होता.

कपाट आणि मांडणी आम्ही ठेवली. घरमालकांची परवानगी घेऊन दोन्ही लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडली. घर सोडताना भिंतीतली भोके बुजवून द्यायला शंभर रुपयांचे सामान लागते, एवढ्यासाठी आम्ही चार वर्षे संकोच केला होता.

ज्यांच्या घरी ज्येष्ठ माणसे आहेत आणि ज्यांना वरचेवर घर बदलावे लागते, त्यांच्या उपयोगी पडतील अशा काही गोष्टी इथे सांगते. खोक्यातून आलेले फर्निचर शक्य असेल तर न सोडवता, अखंड न्यावे; सोडवावेच लागले तर प्रत्येक जोडाचे आधी छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक वस्तूचे स्क्रू तिच्या नावाच्या वेगळ्या पिशवीत ठेवावेत. जोडताना शेवटचे आवळणे हाताने करावे. कपाटाच्या पाठीमागची पातळ फळी 'दिसत नाही' म्हणून गाळू नये. तीच कपाटाला डावी-उजवीकडे झुलू देत नाही. वस्तू ओढून सरकवू नये, दोघांनी उचलावी, कारण ओढताना पायांचे जोड आडवा ताण घेतात. जोडणीनंतर आठ-दहा दिवसांनी सारे स्क्रू पुन्हा एकदा पाहावेत. नुसताच फिरणारा स्क्रू ही सूचना समजावी, तिथे आगकाडी घालून आमच्यासारखे समाधान मानू नये. फरशी पुसताना फळ्यांच्या बुडाशी पाणी साचू देऊ नये. नव्या बोर्डाला उग्र वास असेल तर ती खोली काही दिवस उघडी, हवेशीर ठेवावी. फळीच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडतो आणि त्याने डोळे व घसा चुरचुरतात. दम्याच्या रुग्णाला लगेच तिथे निजवू नये.

आणि सामान भरताना ज्येष्ठांचा पलंग टेम्पोत सर्वांत शेवटी चढवावा, म्हणजे तो सर्वांत आधी उतरेल. नव्या घरी तो पहिल्यांदा जोडावा, घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने त्याच्या चारही कडांवर बसून पाहावे, आणि मग ज्यांचा आहे त्यांना बोलवावे. उठायची बाजू आधीच्या घरात उजवी असेल तर इथेही उजवीच ठेवावी. दिव्याचे बटण, चष्मा, पाण्याचे तांब्या-भांडे हे सारे हाताला पूर्वीच्याच अंतरावर सापडावे. भिंती बदलल्या तरी एवढा चौकोन तोच राहतो, आणि रात्री अर्धवट झोपेत उठलेल्या माणसाला तो पुरतो.

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही स्वतःच्या घरी परतलो. पलंग सोडवायला अर्धा तास लागला. अण्णा खुर्चीवर बसले होते आणि मांडीवर स्टीलचे पातेले होते. सुतारकाका एकेक बोल्ट काढून देत आणि अण्णा मोजून पातेल्यात टाकत. "आठ बोल्ट, आठ नट, सोळा वायसर," त्यांनी शेवटी जाहीर केले. लाकडाच्या प्रत्येक जोडावर त्यांनीच पेन्सिलीने क, ख, ग, घ अशी अक्षरे घातली होती. नव्या घरात पलंग उभा राहिल्यावर त्यांनी आधी खुंट धरून हलवून पाहिला, मग कडेला बसले, मग पाय वर घेतले.

"आता कसं वाटतंय अण्णा?"

"पलंग घट्ट आहे," ते म्हणाले. "माझं मी बघतो."

त्या रात्री ते मला हाक न मारता उठले. सकाळी पाहिले तर उशाशी भरून ठेवलेला तांब्या रिकामा होता.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी पाना घेऊन आठही नट फिरवून पाहते. बहुतेक वेळा एकही हलत नाही. तरी अण्णा अंथरुणावरून मान वळवून विचारतात, "झाले का आठ?" आणि मी मोजून सांगते.